एक्झॉस्टच्या तोंडावरची पिंजरा-जाळी: वापरानंतरचा अनुभव

स्वयंपाकघर आणि बाथरूम या दोन्ही एक्झॉस्टच्या बाहेरच्या तोंडाला स्टीलची पिंजरा-जाळी लावून बरेच महिने झाले. विणीचा एक पूर्ण हंगाम आणि वाऱ्यापावसाचे भरपूर दिवस मध्ये येऊन गेले. आत पक्षी शिरणं पूर्ण थांबलं. पण खरं सांगायचं तर ते कुठल्याही धड जाळीने थांबलं असतं. अशा वस्तूंच्या वर्णनात सगळा भर ‘पक्षी शिरणार नाहीत’ यावरच असतो. घरात रोज प्रश्न येतो तो वेगळाच: हवा पूर्वीसारखी बाहेर जाते का, आणि जाळी धुवायला किती खटाटोप पडतो.

मूळच्या तोंडावर तीन पात्यांचं प्लास्टिकचं शटर होतं, ते अजूनही आहे. पंखा सुरू झाला की पाती उचलली जातात, बंद झाला की आपल्या वजनाने खाली पडतात. चिमणी किंवा साळुंकीसाठी हा काही मोठा अडसर नाही. चोचीने पातं उचलून त्या सहज आत जातात, आणि चिमणीला तर ३२ मिलिमीटरचं भोक पुरतं. एकदा का एखादी काडी पात्यात अडकली की ते पूर्ण मिटतच नाही. आत कोरडं, वाऱ्याला आडोसा, मांजर पोचत नाही. याहून चांगली जागा त्यांना कुठे मिळायची?

आमच्याकडे आत घरटं झाल्याचं कळलं ते आवाजावरून नाही. पंखा नेहमीसारखाच घरघरत होता, पण आंघोळीनंतर आरशावरची वाफ हटेना आणि तळणीचा वास घरभर राहू लागला. टिश्यूचा कपटा आतल्या झाकणावर धरून बघितला तर तो चिकटायच्या ऐवजी खाली पडला. ही चाचणी कुणीही करून बघावी. पंखा फिरतोय याचा अर्थ हवा जातेय असा होत नाही.

घरटं काढण्याबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण जाळी लावायची वेळ त्यावरच ठरते. आतून बारीक चिवचिव येत असेल, किंवा मोठे पक्षी चोचीत किडे घेऊन ये-जा करत असतील, तर जाळी कपाटात ठेवून द्या. चिमणीची अंडी ११ ते १४ दिवसांत फुटतात आणि त्यानंतर साधारण दोन आठवड्यांनी पिल्लं उडतात. म्हणजे सगळं मिळून महिनाभर. साळुंकीला थोडा जास्त वेळ लागतो. अनेक देशांत पिल्लं किंवा अंडी असलेलं घरटं हलवायला कायद्याने बंदी आहे, त्यामुळे आपल्या भागातले नियम बघून घ्यावेत. कायदा बाजूला ठेवला तरी पिल्लं आत असताना तोंड बंद केलं तर ती डक्टमध्येच (हवा बाहेर नेणाऱ्या नळीतच) मरतात, आणि मग वास आणि माश्या यांचा बंदोबस्त करत बसावं लागतं. पंखा मात्र तेवढे दिवस बंद ठेवा. आम्ही बटणावर चिकटपट्टी लावून टाकली, कारण सवयीने हात जातोच.

पिल्लं उडाल्यावर ‘बघू पुढच्या आठवड्यात’ म्हणून चालत नाही. चिमण्यांची जोडी एका हंगामात दोन-तीन वेळा अंडी घालते आणि बहुतेक वेळा त्याच जागी परत येते. पहिली वीण उडाल्यावर हाताशी थोडेच दिवस असतात, तेवढ्यात घरटं काढून जाळी लागली पाहिजे. घाई करण्याचं दुसरं कारण माइट्स. हे डोळ्याला जेमतेम दिसणारे रक्तपिते किडे घरटं रिकामं झालं की खाणं शोधत आतल्या झाकणातून खोलीत उतरतात. कोंबड्यांवरचा लाल माइट तर काही न खाता कित्येक महिने तग धरतो.

काढताना मेन स्विच बंद, हातमोजे, एन-९५ मास्क. घरटं कोरडं ओढू नका. आधी साबणाचं पाणी फवारून ओलं करा, म्हणजे विष्ठेची धूळ उडत नाही. वाळलेल्या विष्ठेत हिस्टोप्लाझ्मोसिस नावाच्या फुप्फुसाच्या आजाराची बुरशी वाढू शकते. घरचा व्हॅक्यूम क्लीनर तर अजिबात नको, तो तीच धूळ खोलीत पसरवतो. आणि डक्ट पातळ ॲल्युमिनियमचा, लवचिक असेल तर तारेचा आकडा घालून ओढू नका, सहज फाटतो. लांब दांड्याचा गोल ब्रश आणि थोडा धीर पुरतो. एवढ्याशा पाखराने गोळा केलेल्या काड्या, पिसं, दोरे आणि प्लास्टिकच्या पट्ट्यांनी अर्धी पिशवी भरली.

आता जाळी. चौकोनी पेटीच्या आकाराची, २० बाय २० सेंटिमीटर, भिंतीपासून १० सेंटिमीटर पुढे आलेली. भोकं १२ मिलिमीटरची, तार एक मिलिमीटरची. सपाट जाळी न घेता पेटी का घेतली, तर दोन कारणं. एक म्हणजे शटरची पाती उघडायला जागा लागते. आमची पाती जेमतेम ५ सेंटिमीटर उंचीची, त्यामुळे १० सेंटिमीटर खोली पुरते. पण एकच मोठी झडप असेल तर तिच्या उंचीपेक्षा पेटी खोल हवी, नाहीतर झडप जाळीला टेकून अर्धवटच उघडेल. दुसरं कारण हवेचं. १५ सेंटिमीटर व्यासाच्या डक्टचं तोंड जेमतेम १७७ चौरस सेंटिमीटर असतं आणि या पेटीची पुढची बाजू आणि चारही कडा मिळून १२०० चौरस सेंटिमीटर जाळी होते. थोडी तुंबली तरी हवेला वाट राहते. डासांची बारीक जाळी त्याच तोंडावर सपाट ताणली तर एक तृतीयांशाच्या आसपास जागा नुसत्या तारेतच जाते, आणि वर तेल बसलं की संपलंच.

बाथरूमच्या जाळीबद्दल सांगण्यासारखं काहीच नाही. लावली आणि विसरलो.

स्वयंपाकघरातली मात्र काम काढते. तेलाचा धूर तारेवर बसतो, त्यावर धूळ, आणि हळूहळू तपकिरी चिकट थर तयार होतो. इथे या पेटीचा सगळ्यात मोठा गुण कामी येतो: पुढची बाजू बिजागरीवर उघडते आणि काढूनही घेता येते. गरम पाण्यात धुण्याचा सोडा घालून भिजवली की थर सुटतो. (जाळी ॲल्युमिनियमची असेल तर सोडा वापरू नका, धातू काळा पडतो.) भिंतीला कायमची ठोकलेली जाळी घेतली असती तर प्रत्येक वेळी शिडीवर उभं राहून घासावं लागलं असतं, म्हणजे ती घासली गेलीच नसती.

तक्रारी दोन. पेटी उत्तम स्टीलची, पण सोबत आलेले स्क्रू साधे निघाले. काही महिन्यांतच गंजले आणि भिंतीवर तांबूस ओघळ आले. स्टेनलेस स्क्रू आणि नायलॉनचे प्लग वेगळे घेऊन बदलले. दुसरी तक्रार खडखडाटाची. वारा सुटला की उघडणारी बाजू वाजते. कडेला रबराची पट्टी चिकटवल्यावर पुष्कळ कमी झालं, पूर्ण गेलं नाही. बेडरूमच्या भिंतीला हे त्रासाचं ठरू शकेल.

चिमण्यांनी सुरुवातीला पेटीच्या वरच्या सपाट बाजूवर काड्या रचायचा प्रयत्न केला. वरची बाजू उतरती असती तर तेही झालं नसतं, पुढच्या वेळी तसलीच घेईन. तिथे काटे लावा असं सुचवणारे भेटले. पण २०२३ साली नेदरलँड्समधल्या संशोधकांनी रॉटरडॅम आणि अँटवर्प इथली कावळ्याची आणि मॅगपाय या कावळ्याच्याच कुळातल्या पक्ष्याची घरटी दाखवली, ती बांधलीच होती पक्षी हाकलायच्या काट्यांनी! अँटवर्पच्या एका घरट्यात असे किमान १५०० काटे होते. मी काड्या झाडून टाकत राहिलो, कंटाळून चिमण्या गेल्या. दुसऱ्या भिंतीला ३२ मिलिमीटर भोकाचं लाकडी खोकं लावलंय, अजून कुणी राहायला आलेलं नाही.

कपडे वाळवायच्या मशीनच्या नळीला मात्र ही जाळी लावू नका. कापसाचा भुगा भोकांत अडकतो, नळी तुंबते, आणि गरम हवेजवळ साठलेला भुगा पेट घेऊ शकतो. त्यासाठी खास ड्रायरकरता बनवलेलं, जाळी नसलेलं झाकण मिळतं. गॅस गिझरच्या धुराड्याला तर स्वतःहून काहीच लावू नये. तिथे घरट्याचा संशय आला तर गिझर बंद ठेवून जाणकार माणसाला बोलवा, कारण वाट तुंबली की कार्बन मोनॉक्साइड खोलीत साठतो आणि त्याला ना रंग ना वास.

तेलकट स्वयंपाक रोज होत असेल तर जाळी निघणारीच घ्या, थोडी महाग पडली तरी. नुसत्या बाथरूमसाठी साधी, न उघडणारी चालेल.