पाच वर्षे साठवून ठेवलेले इंजिन ऑइल

२०१९ मध्ये मी ५डब्ल्यू-३० ग्रेडच्या सिंथेटिक इंजिन ऑइलचे दोन कॅन घेतले होते. त्यातला एक लगेच फोडून निम्मा वापरला आणि दुसरा तसाच राहून गेला. पाच वर्षांनी दोन्ही कॅन एकाच कपाटातून बाहेर काढले, तेव्हा त्यांच्यात पडलेला फरक मला अपेक्षेपेक्षा फार मोठा वाटला.

सीलबंद कॅनच्या तोंडावरचा ॲल्युमिनियमचा पापुद्रा शाबूत होता. आधी कॅन चांगला हलवून थोडे ऑइल काचेच्या बरणीत काढले आणि दोन दिवस स्थिर ठेवले. रंग मधासारखा नितळ राहिला आणि तळाशी गाळ अजिबात बसला नाही. अर्थात ॲडिटिव्हची, म्हणजे ऑइलचे गुण वाढवण्यासाठी त्यात मिसळलेल्या रसायनांची, ताकद डोळ्यांना दिसत नाही, आणि अनेक उत्पादक सीलबंद ऑइललाही साधारण पाच वर्षांचीच मुदत देतात; त्यामुळे याहून जुने ऑइल मी वापरणार नाही.

फोडलेल्या कॅनच्या झाकणाच्या आतल्या बाजूला मात्र पाण्याचे बारीक थेंब दिसले, आणि ऑइल गढूळ झाले होते. अर्ध्या रिकाम्या कॅनमधली हवा दिवसा तापून प्रसरण पावते आणि रात्री आकुंचन पावते. झाकण थोडे जरी सैल असले तरी या चढउतारात बाहेरची दमट हवा आत ओढली जाते आणि तिच्यातली वाफ थंड झालेल्या भिंतींवर पाणी होऊन साचते. पाणी शिरले की काही ॲडिटिव्ह निकामी होतात, गंजाचा धोकाही वाढतो. असे ऑइल इंजिनात घालायला माझे मन धजावले नाही. वापरलेले ऑइल गोळा करणाऱ्यांकडे ते दिले.

खरी अडचण पुढेच आली. कॅनवर ‘एपीआय एसएन’ असे, म्हणजे अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटने ठरवलेल्या ऑइलच्या दर्जाचे नाव, छापले होते, तर माझ्या नव्या टर्बो पेट्रोल गाडीच्या पुस्तिकेत ‘एसपी’ दर्जा मागितला आहे. हा दर्जा मे २०२० पासून लागू झाला. कमी वेगावर इंधन अवेळी पेटून होणारे नुकसान आणि टायमिंग चेनची (इंजिनातल्या व्हॉल्व्हची उघडझाप वेळेवर ठेवणाऱ्या साखळीची) झीज या दोन्हींपासून संरक्षण देण्याची अट त्यात आहे, म्हणून ऑइल उत्तम टिकलेले असूनही ते या गाडीच्या कामाचे नव्हते. घरातल्या टर्बो नसलेल्या जुन्या गाडीला एसएन चालते, तिच्यात ते घातले. सीलबंद ऑइलच्या टिकाऊपणावर मी पूर्ण समाधानी आहे. फोडलेल्या कॅनवर मात्र आता झाकण उघडल्याची तारीख लिहितो आणि उरलेले ऑइल वर्षभरात संपवतो.