कोड २२३: सेकंडहँड फाइव्ह सिरीज घेताना सस्पेन्शन कसं ओळखलं आणि आता कसं वाटतंय

गाडी आहे बीएमडब्ल्यू ५३०डी, एफ१० बॉडीची (एफ१० हे फाइव्ह सिरीजच्या त्या पिढीच्या सेडानचं कंपनीतलं नाव) सेडान, २०१४ची. तीन लिटरचं सहा सिलिंडर डिझेल, २५८ हॉर्सपॉवर. म्युनिकजवळ राहतो, तिथेच एका डीलरकडून घेतली. आता एक अख्खा हिवाळा आणि उन्हाळा झाला. इंजिन, मायलेज, टायमिंग चेन यांवर लोकांनी भरपूर लिहून ठेवलंय, मी पुन्हा लिहीत नाही. माझा शोध मुळात एकाच गोष्टीसाठी होता: चांगलं सस्पेन्शन. तेवढ्यावरच लिहितो.

कारण घरचं आहे. आईबाबा साताऱ्याहून उन्हाळ्यात आमच्याकडे येतात. बाबांच्या मणक्याचं ऑपरेशन झालेलं. आधीच्या गाडीला स्पोर्ट सस्पेन्शन होतं, त्यामुळे दीड-दोन तासांत बाबांना उतरून पाय मोकळे करावेच लागायचे. लेदर सीट, सनरूफ, भारीतली म्युझिक सिस्टीम यांतलं काही नसतं तरी चाललं असतं. सस्पेन्शनवर मात्र तडजोड करायची नव्हती, कारण गाडी घेतल्यावर ते मागाहून बसवणं परवडत नाही. नुसते शॉकअप बदलून भागत नाही. वायरिंग लागतं, कंट्रोल युनिट लागतं, कोडिंग लागतं. कारखान्यातून जे आलं तेच खरं.

जर्मनीत ही गाडी नवी घेणारा माणूस एकेक ऑप्शन स्वतः निवडायचा. म्हणून एकाच रंगाच्या, एकाच वर्षाच्या दोन ५३०डी शेजारी उभ्या असल्या तरी आत वेगळंच काही असू शकतं. एफ१० सेडानमध्ये सस्पेन्शनचे चार प्रकार सापडतात (कोड म्हणजे कारखान्याच्या यादीतला त्या ऑप्शनचा क्रमांक). पहिला साधा: स्टीलची स्प्रिंग, ठरावीक ताठरपणाचा शॉकअप. दुसरा एम स्पोर्ट सस्पेन्शन, कोड ७०४: गाडी थोडी खाली बसलेली आणि कडक, पण ताठरपणा हाही ठरावीकच. तिसरा डायनॅमिक डॅम्पर कंट्रोल, कोड २२३: शॉकअपमधल्या तेलाची वाट विजेच्या व्हॉल्व्हने कमीजास्त होते, आणि दाबताना वेगळी, उसळताना वेगळी. चौथा अॅडाप्टिव्ह ड्राइव्ह, कोड २व्हीए: तेच शॉकअप, वर वळणावर गाडी झुकू न देणारे अँटी-रोल बार. मागची चाकं वळवणारं इंटिग्रल अॅक्टिव्ह स्टिअरिंग, कोड २व्हीएच, ही निराळी गोष्ट. विकणारे बरेचदा ते सस्पेन्शनमध्येच मोजतात.

एअर सस्पेन्शन, म्हणजे स्टीलच्या स्प्रिंगऐवजी हवा भरलेले रबरी फुगे, एफ१० सेडानला मिळतच नव्हतं. टूरिंग (लांब डिकीची इस्टेट) आणि ग्रॅन टुरिस्मो या भावंडांना फक्त मागच्या बाजूला आहे. त्यामुळे सेडानच्या जाहिरातीत ‘लुफ्टफेडेरुंग’वर (जर्मनमध्ये एअर सस्पेन्शन) टिक दिसली, की जाहिरात घाईत भरली आहे असं समजून बाकीची यादीही संशयाने वाचावी. अॅडाप्टिव्ह या शब्दाचंही तसंच. वळणावर फिरणारे हेडलाइट अॅडाप्टिव्ह, पुढच्या गाडीमागे वेग राखणारा क्रूझ कंट्रोल अॅडाप्टिव्ह, आणि शॉकअपही अॅडाप्टिव्ह. विक्रेत्याने ‘हो, अॅडाप्टिव्ह आहे’ म्हटलं तर ‘काय अॅडाप्टिव्ह आहे?’ हा पुढचा प्रश्न विचारायचाच.

सगळ्यात जास्त फसवतं ते गिअर लिव्हरशेजारचं बटण. फेसलिफ्टनंतरच्या एफ१०मध्ये इको प्रो, कम्फर्ट, स्पोर्ट असं बदलणारं बटण साध्या सस्पेन्शनच्या गाडीतही असतं. तिथे स्पोर्ट दाबलं की अॅक्सिलरेटर चपळ होतो, स्टिअरिंग जड होतं, गिअर उशिरा बदलतात. शॉकअप जसाच्या तसा राहतो. टेस्ट ड्राइव्हला शेजारी बसलेला सेल्समन बटण दाबून ‘बघा, गाडी घट्ट झाली’ म्हणतो तेव्हा तो खोटं बोलत असेलच असं नाही. स्टिअरिंग जड झालेलं हाताला कळतं आणि मन त्याचा अर्थ सस्पेन्शन असा लावतं. इथे उपयोगाची खूण एकच: कम्फर्टच्या पुढे ‘कम्फर्ट प्लस’ दिसतं का? ते व्हेरिएबल, म्हणजे ताठरपणा बदलणारे शॉकअप असलेल्या गाडीतच येतं. पण हा इशारा झाला, पुरावा नव्हे.

पुरावा दोन ठिकाणी शोधायचा. एक कागदावर आणि दुसरा गाडीच्या पोटाखाली. दोन्ही जुळले तरच पैसे काढायचे. एवढ्या महिन्यांनंतरही मला हीच गोष्ट सगळ्यात महत्त्वाची वाटते.

कागद म्हणजे चॅसी नंबरवरून निघणारी ऑप्शनची यादी. नंबर इथल्या आरसीवर, म्हणजे फार्ट्सॉयगशाइनवर, ‘ई’ या रकान्यात असतो. काचेच्या खालच्या कोपऱ्यातही दिसतो. सतरा अक्षरांतली शेवटची सात दिली तरी डीकोडर कारखान्यातून निघतानाची यादी काढून देतो. त्यात २२३ आहे की नाही, एवढंच आधी पाहायचं. जाहिरातीच्या फोटोत नंबर झाकलेला असणं समजू शकतो. मेलवर नम्रपणे मागूनही जो विक्रेता देत नाही, त्याच्याकडे मी गेलो नाही. इथे गाड्यांचा तुटवडा नाही.

पण ही यादी गाडी जन्मली तेव्हाची. मधल्या दहा-अकरा वर्षांत काय झालं ते तिला ठाऊक नसतं. व्हेरिएबल शॉकअप महाग असतात. गळायला लागले की काही मालक साधे शॉकअप बसवतात आणि वायरच्या टोकाला इलेक्ट्रॉनिक्सची समजूत घालणारा छोटा प्लग लावतात, म्हणजे डॅशबोर्डवर एरर येत नाही. असे प्लग बाजारात उघड मिळतात. मी पाहिलेल्या एका गाडीत नेमकं हेच होतं. यादीत २२३, स्क्रीनवर कम्फर्ट प्लस, आणि पुढे दोन कोरे करकरीत साधे शॉकअप, वायर केबल टायने बांधून वर खोचलेली. डीलर गाडी लिफ्टवर घ्यायला तयार झाला म्हणून ते दिसलं. त्याला स्वतःलाही ते माहीत नव्हतं असंच त्याच्या चेहऱ्यावरून वाटलं.

लिफ्ट मिळाली नाही तर स्टिअरिंग एका बाजूला पूर्ण वळवायचं आणि चाकाच्या कमानीतून मोबाइलचा टॉर्च मारायचा. साधा शॉकअप म्हणजे सरळ नळी. २२३च्या शॉकअपला अंगावर व्हॉल्व्हचा फुगवटा असतो आणि तिथवर विजेची वायर आलेली असते. चारही चाकांशी बघायचं, कारण पुढचे बदललेले आणि मागचे मूळचे अशीही गाडी निघते. एक सावधगिरी: सस्पेन्शनच्या आर्मला बारीक दांडीने जोडलेला सेन्सर दिसला म्हणून खूश व्हायचं नाही. झेनॉन हेडलाइटचा झोत आपोआप खाली-वर होण्यासाठी तसा सेन्सर लागतो, तो साध्या सस्पेन्शनच्या गाडीतही असतो. अॅडाप्टिव्ह ड्राइव्ह असेल तर अँटी-रोल बारच्या मध्यभागी जाडजूड मोटर आणि तिच्याकडे जाणारे हायड्रॉलिक पाइप दिसतात. तिथे ओलं दिसलं तर मी गाडी सोडली असती. वळणावरच्या त्या सपाटपणासाठी एवढी गुंतागुंत मला नको होती, म्हणून मी २व्हीए शोधलंही नाही.

तिसरी तपासणी स्कॅनरची, म्हणजे गाडीच्या इलेक्ट्रॉनिक्सला जोडून एरर वाचणाऱ्या यंत्राची. या गाडीत व्हीडीएम नावाचं मुख्य युनिट असतं आणि त्याच्या हाताखाली प्रत्येक चाकापाशी एकेक छोटं कंट्रोलर. स्कॅनरच्या यादीत पाचही हजर असली आणि एरर मेमरी कोरी असली तर काळजी मिटते. मात्र आदल्याच दिवशी मेमरी पुसली असेल तर कळणार नाही, म्हणून टेस्ट ड्राइव्हनंतर पुन्हा स्कॅन करायचं.

टेस्ट ड्राइव्ह ऑटोबानवर करू नका. गुळगुळीत रस्त्यावर साधं सस्पेन्शनही राजेशाही वाटतं. मी रेगेन्सबुर्गच्या जुन्या भागातला दगडी फरसबंदीचा रस्ता निवडला होता. ताशी तीसच्या वेगाने आधी कम्फर्ट प्लस, मग स्पोर्ट. शॉकअप जिवंत असतील तर फरक पाठीला आपसूक कळतो. स्पोर्टमध्ये प्रत्येक दगड मोजता येतो. फरक शोधावा लागत असेल तर तो तिथे नाहीच.

आता वापराचं. कम्फर्ट प्लस रस्त्याच्या सांध्यांवर फार छान काम करतं. काँक्रीटच्या ऑटोबानवर ठरावीक अंतराने येणारा ‘टक-टक’ आवाज ऐकू येतो, पण सीटपर्यंत पोचत नाही. बाबा यंदा म्युनिकहून ब्रेनर घाट ओलांडून थेट इटलीत उतरेपर्यंत एकदाही ‘थांबव’ म्हणाले नाहीत. माझ्यासाठी गाडीची किंमत तिथे वसूल झाली. पण हा मोड सगळीकडे चालत नाही. लांब लाटांसारखा रस्ता असेल तर गाडी एक हेलकावा जास्त खाते, आणि घाटात मागे बसलेल्या बायकोला मळमळतं. घाट लागला की मी साध्या कम्फर्टवर येतो. दोन्हींमधला समतोल तिथेच आहे. स्पोर्ट मी एकटा असताना, आल्प्सच्या पायथ्याच्या वळणांवर लावतो. जड सेडान आहे, तरी अशी आवरून धरते की मजा येते.

एका बाबतीत मात्र ही यंत्रणा काहीच करत नाही. स्प्रिंग स्टीलची आहे. पाच माणसं आणि डिकीभर सामान झालं की मागची बाजू खाली बसते आणि बसलेलीच राहते. शॉकअपचं काम हालचाल आवरणं, उंची राखणं नव्हे. नेहमी भरगच्च प्रवास करणाऱ्याने मागे एअर असलेली टूरिंग घ्यावी.

टायरबद्दल जरा ठासून सांगतो. गाडी आली तेव्हा १९ इंची रिमवर रनफ्लॅट (पंक्चर झाले तरी काही अंतर चालणारे, कडक कडांचे टायर) होते, पुढे २४५/४०, मागे २७५/३५. हिवाळ्यासाठी मी १७ इंची रिमवर २२५/५५चे, म्हणजे जास्त उंच कडांचे, साधे टायर घातले. कम्फर्ट आणि स्पोर्टमध्ये जेवढा फरक आहे त्याहून मोठा फरक या अदलाबदलीने पडला. खड्ड्याची कड आधी पाठीत जायची, ती आता टायरच पचवतो. उन्हाळ्याला १९ इंची पुन्हा चढवले, पण रनफ्लॅट काढून. साधे टायर आणि डिकीत पंक्चर किट. कुणी २२३ची गाडी चालवून ‘कडकच आहे’ म्हणाला तर आधी टायर विचारा.

खर्च. मागच्या डाव्या शॉकअपवर तेलाचा ओलावा दिसला, तेव्हा मागची जोडी बदलली. एकच बदलू नये, दोन बाजूंचा ताठरपणा वेगळा पडतो. साध्या जोडीच्या कैक पट पैसे लागले. दर दोन वर्षांच्या सरकारी तपासणीत गळका शॉकअप पकडला जातो, त्यामुळे इथे तो खर्च पुढे ढकलताही येत नाही. गाडी घेतानाच एका जोडीचे पैसे बाजूला ठेवलेले बरे.

मावसभाऊ श्टुटगार्टला ई-क्लास बघतोय, त्याच्यासाठी थोडं. डब्ल्यू२१२ पिढीच्या ई-क्लासमध्ये यादीत ४८९ म्हणजे एअरमॅटिक, मर्सिडीजचं एअर सस्पेन्शन. सेंटर कन्सोलवर गाडी उचलण्याचं बटण शोध. मात्र याच पिढीच्या इस्टेटला मागे एअर मुळातच असतं, म्हणून इस्टेटच्या जाहिरातीतलं ‘एअर सस्पेन्शन’ खरं असलं तरी अर्धंच असू शकतं. कोड बघितल्याशिवाय पुढे जाऊ नकोस. सी७ पिढीची ऑडी ए६ बघणार असशील तर डिकीत स्पेअर व्हीलच्या खोबणीतला स्टिकर वाच. १बीके एअर, १बीए साधं, १बीई स्पोर्ट. तोच स्टिकर सर्व्हिस बुकातही असतो. एअरची कोणतीही गाडी रात्रभर उभी राहिलेली असतानाच, सकाळी सुरू करण्याआधी बघायची. एक कोपरा खाली बसला असेल तर हवा कुठेतरी जातेय. सुरू केल्यावर कॉम्प्रेसर बराच वेळ घरघरत राहिला तर तोही थकलाय.

पुण्या-मुंबईच्या मित्रांनी विचारलं म्हणून: भारतात ऑप्शन एकेक निवडायची मुभा फारशी नसते, व्हेरिएंट ठरलेले असतात. ई-क्लास चाकणला आणि ए६ छत्रपती संभाजीनगरजवळ शेंद्र्याला जोडली जात असली तरी ऑप्शनचे कोड तेच आहेत. व्हेरिएंटच्या नावावर विसंबू नका, सर्व्हिस सेंटरला चॅसी नंबर देऊन यादी वाचून घ्या. तिथे लिफ्टही सहज मिळते. एअरची गाडी असेल तर रबरी फुग्यांच्या घड्यांत अडकलेला चिखल आणि भेगा स्वतः वाकून बघा.

राहिला एक प्रश्न, जो मला सगळ्यात जास्त विचारला गेला: यादीत २२३ आहे, खाली साधे शॉकअप आहेत, पण भाव चांगला मिळतोय, तर घ्यावी का? इंजिनासाठी घेत असाल तर खुशाल घ्या, साध्या सस्पेन्शनची गाडी म्हणूनच भाव करा. सस्पेन्शनसाठी घेत असाल तर सोडा. चारही मूळ शॉकअप परत बसवायचे, प्लग काढून जुनं वायरिंग आणि कंट्रोलर धड आहेत का ते तपासायचं, यात सौद्यात वाचलेले पैसे जातात आणि वर आणखी लागतात.