अरेका पामला मॅग्नेशियम सल्फेट: पावसाळा ते उन्हाळा, वापरानंतरचा अनुभव

सांगलीत विश्रामबागला आमचं घर. गच्चीवर आणि जिन्यात अरेका पामच्या मोठ्या कुंड्या आहेत. गेल्या पावसाळ्यापासून त्यांना मॅग्नेशियम सल्फेट देतोय, मधूनमधून झिरो-झिरो-पन्नास, म्हणजे पालाशचं (पोटॅशियमचं) सल्फेट खत. आता उन्हाळा सरत आलाय, तेव्हा खात्रीनं लिहिता येईल.

आधी एक सांगतो. पिवळं पडलेलं प्रत्येक पान मॅग्नेशियम मागत नसतं. कुठलं पान पिवळं पडतंय, ते बघा. खालची जुनी पानं कडेनं लिंबासारखी पिवळी आणि मधला पट्टा हिरवागार, तर मॅग्नेशियम कमी. जुन्याच पानांवर पिवळे-नारिंगी ठिपके, उजेडासमोर धरल्यावर आरपार दिसणारे, आणि टोकं करपलेली, तर पालाश कमी. ही दोन्ही द्रव्यं झाड जुन्या पानातून काढून नव्या पानाला पुरवतं, म्हणून झळ खालून सुरू होते. अरेकाचे देठ मात्र जातीनंच सोनेरी असतात, त्याची काळजी करू नका.

आमच्याकडे बोअरचं पाणी जड आणि कुंडीत नदीकाठची चुनखडीची काळी माती. अशा मातीत कॅल्शियम इतकं असतं की मुळांना मॅग्नेशियम उचलायला अडचण होते. द्राक्षबागायतदारांना हे नवीन नाही. कृषी सेवा केंद्रात मागितलं तर दुकानदारानं विचारलं, "द्राक्षाला का उसाला, काका?" तिथं पिशवीवर ९.५ टक्के मॅग्नेशियम छापलेलं असतं आणि माल स्वस्त पडतो. हेच खडे छान डबीत भरून ऑनलाइन एप्सम सॉल्ट म्हणून विकतात, तेव्हा भाव कितीतरी पट होतो. पावसाळ्यात पिशवीत गठ्ठे झाले होते, पण पाण्यात टाकून ढवळले की विरघळतात.

प्रमाण: लिटरभर पाण्यात एक चहाचा चमचा, महिन्यातून एकदा, ओल्या मातीत. झिरो-झिरो-पन्नास लिटरला दोन ग्रॅम, वेगळ्या दिवशी. नुसतं पालाश वाढवत गेलात तर मॅग्नेशियम आणखी मागे पडतं. कॅल्शियम नायट्रेट वापरत असाल तर ते या दोन्हींत कालवू नका, जिप्समचा साका खाली बसतो.

फरक पडला, पण वाट बघावी लागली. पावसाळाभर काहीच दिसलं नाही. दिवाळीनंतर जी पानं उघडली ती एकसारखी गर्द हिरवी, आणि खाली सरकली तरी कडा पिवळ्या झाल्या नाहीत. आधीच पिवळी झालेली पानं हिरवी होत नाहीत, ती आशा सोडा. पण ती लगेच छाटूही नका. अर्धवट पिवळ्या पानातलं पालाश झाड अजून वापरत असतं. ते पान काढलं की वरच्या पानावर पाळी येते. पूर्ण वाळल्यावरच कापायचं. आमच्याकडे झाडांची कापणी करायला येणारे सगळंच साफ करून टाकतात, त्यांना हे आधीच सांगून ठेवा.

टोकांच्या तपकिरीपणावर या औषधाचा काडीचा उपयोग झाला नाही. ते क्षारांचं काम. कुंडीच्या कडेला पांढरा थर दिसला की खालच्या भोकातून भरपूर वाहून जाईपर्यंत पाणी सोडायचं, जमलं तर साठवलेलं पावसाचं पाणी. एप्रिलमध्ये गच्चीवरच्या पश्चिमेच्या बाजूची पानं वाळल्या गवतासारखी पांढरट झाली, ती उन्हानं भाजलेली होती. हिरवं शेडनेट बांधलं, पुढची पानं चांगली आली. जिन्यातल्या कुंडीवर बारीक फिके ठिपके होते आणि पानाखाली जाळी. तो लाल कोळी, रस शोषणारी बारीक कीड. पानं खालून जोरात धुतली आणि निंबोळी तेल फवारलं.

माझ्याकडून पाचपैकी चार. एक कापला तो औषधाच्या दोषासाठी नाही, तर पिशवीवर 'सर्व पिवळेपणावर उपाय' असं छापलंय म्हणून. फाटकाजवळच्या पामचं अगदी शेंड्याचं कोवळं पान फिकट येत होतं, शिरा तेवढ्या हिरव्या. ती लोहाची कमतरता. आपल्या चुनखडीच्या मातीत साधं हिराकस (फेरस सल्फेट) टिकत नाही आणि ईडीटीए चिलेटही, म्हणजे मातीत अडकू नये म्हणून दुसऱ्या द्रव्यात बांधलेलं लोह, फारसं काम करत नाही, म्हणून ईडीडीएचए प्रकारचं चिलेटेड लोह आणलं. ते महाग आहे, पण लागतं थोडंच.