लेखनबंदीचा खटका असलेला पेन ड्राइव्ह : नेटॅक यू३३५

निपाणीत मराठी-कन्नड लग्नपत्रिकांची अक्षरजुळणी करून मी फाइल बेळगावच्या छापखान्यात नेतो, आणि गेल्या वर्षी अशाच एका संगणकावरून व्हायरस शिरून माझ्या पेन ड्राइव्हमधल्या साऱ्या फोल्डरांचे शॉर्टकट झाले. तेव्हापासून लेखनबंदीचा खटका, म्हणजे सरकवला की ड्राइव्हवर काही लिहू वा पुसू न देणारे बटण, असलेला ड्राइव्ह मी शोधत होतो. गणपत गल्ली, खडेबाजार पालथा घातला. दुकानदार एसडी कार्ड पुढे करत, पण त्याच्या कडेची लेखनबंदीची पट्टी आतल्या चिपला जोडलेलीच नसते, ती फक्त कार्ड रीडर पाहतो आणि त्याने दुर्लक्ष केले तर लेखन खुशाल होते. मायक्रोएसडीला तर तीही नसते.

शेवटी नेटॅक यू३३५ ऑनलाइन मागवला. याचा खटका ड्राइव्हच्या आतच अंमल करतो, म्हणून संगणक विंडोजचा असो वा लिनक्सचा, बंदी लागू राहते. छापखान्यात खटका नखाने सरकवून ड्राइव्ह लावला आणि मुद्दाम एक फाइल पुसू पाहिली, तेव्हा डिस्क राइट-प्रोटेक्टेड असल्याचा संदेश आला. पत्रिकेची पीडीएफ मात्र विनासायास उघडली. दूषित फाइल आधीच आत असेल तर खटका तिला अडवत नाही, त्यामुळे घरच्या संगणकावर तपासणी करूनच मी खटका लावतो.