झेब्रा ब्लाइंड: हॉलला पुरतो, बेडरूमला पडदाही लागतो

खिडकीला लावायच्या झेब्रा ब्लाइंडचं कापड रोलरवरून खाली येतं, तळाच्या दांडीला वळसा घालून परत वर जातं. त्यावर एकाआड एक जाड आणि जाळीदार पट्टे असतात; बहुतेक कापडांत जाड पट्टा तीन इंचांचा, जाळीचा दोन. चेन जराशी ओढली की जाळीसमोर जाळी येते आणि उजेड आत येतो, आणखी ओढली की जाड पट्टा जाळी झाकतो. हॉलसाठी याहून सोयीचं काही नाही.

बेडरूममध्ये मात्र तो एकटा अपुरा पडतो. कापड कॅसेटपेक्षा, म्हणजे रोलर झाकणाऱ्या वरच्या पेटीपेक्षा, थोडं अरुंद असतं, त्यामुळे दोन्ही कडांना फट राहते आणि सकाळचं ऊन नेमकं तिथूनच उशीवर येतं. पट्टे पूर्ण बंद असले तरी जोडावर उजेडाच्या बारीक रेषा दिसतात. उजेड अडवणाऱ्या कापडाचा ‘ब्लॅकआउट झेब्रा’ घेतला तरी फट काही जात नाही. म्हणून वरून ब्लॅकआउट पडदा हवाच.

ही जोडी बिघडते ती ब्रॅकेटमुळे. कॅसेट भिंतीवर बसवली तर साधारण साडेतीन इंच पुढे येते. पडद्याचा नेहमीचा ब्रॅकेटही तेवढाच, म्हणजे पडदा कॅसेटला घासणार आणि रिंगा अडकणार. रॉड भिंतीपासून किमान साडेपाच-सहा इंच पुढे राहील असा ब्रॅकेट मागून घ्या. खिडकीच्या चौकटीत पुरेशी खोली असेल तर ब्लाइंड आतच बसवावा. तेव्हा रुंदी वर, मध्ये आणि खाली मोजून सर्वात कमी भरेल तीच द्यायची. आपल्याकडच्या चौकटी क्वचितच काटकोनात असतात.

आता पडद्याचा हिशोब. खिडकी पाच फूट रुंद, रॉड दोन्ही बाजूंना एकेक फूट जास्त, म्हणजे सात फूट. तयार पॅनल, म्हणजे पडद्याचा एक तुकडा, चार फुटी असतं. दुकानात ‘दोन पॅनल बास’ म्हणतील. पण मग आठ फूट कापड सात फुटांवर चादरीसारखं ताणलेलं दिसतं. चार पॅनल घ्या, चुण्या नीट पडतात. प्रत्येक पॅनलच्या रिंगा सम संख्येत आहेत का तेही बघा, नाहीतर एक कड भिंतीकडे आणि दुसरी खोलीकडे वळते. लांबी पाच, सात आणि नऊ फुटी मिळते. रॉड साडेसात फुटांवर असेल तर सात फुटी पडदा जमिनीपासून सहाएक इंच वर लोंबकळतो. एकतर पाच फुटी घ्या, खिडकीच्या कट्ट्याखाली थोडा उतरतो. नाहीतर नऊ फुटी आणून खालून दुमडून शिवून घ्या.

पश्चिमेच्या खिडकीकडून फार अपेक्षा ठेवू नये. ऊन काचेतून आत आलं की उष्णताही आत आलेली असते, ब्लाइंड ती फक्त थोडी अडवतो. बाल्कनी असेल तर बाहेर लावलेली बांबूची चिक त्याहून जास्त काम करते.

देखभालीत झेब्रा नाजूकच. तो धुता येत नाही, व्हॅक्यूमचा मऊ ब्रश फिरवायचा. स्वयंपाकघरात तर लावूच नये, जाळीत बसलेलं तेलकट निघत नाही. पावसाळ्यात ओला झालेला ब्लाइंड तसाच गुंडाळला की बुरशीचे ठिपके पडतात. आधी पूर्ण खाली सोडून वाळवावा. वर घेताना कापड एका बाजूला सरकत असेल तर कॅसेट लेव्हलमध्ये नाही असं समजा. कडा उसवण्याआधीच ब्रॅकेटखाली पातळ पत्र्याचा तुकडा घालून ती सरळ करून घ्या.

घरात लहान मूल असेल तर चेनचा लोंबता फास गळ्यात अडकू शकतो. चेन ताणून धरणारी क्लिप भिंतीला स्क्रूने बसवल्याशिवाय फिटरला पैसे देऊ नयेत.