रविवारची विधिमंडळ बॅच: सरांना पाच स्टार, नोट्सना दोन

राज्यसेवा परीक्षेच्या पॉलिटीसाठी, म्हणजे राज्यघटना आणि राज्यकारभाराच्या विषयासाठी ही बॅच लावली, विधिमंडळ म्हणजे कलमं पाठ करा आणि पेपर झाला की विसरा एवढीच माझी तयारी. सरांनी पहिल्याच लेक्चरला राज्यघटनेचं कलम २०८ फळ्यावर लिहिलं, सभागृह आपले नियम आपणच करतं, म्हणजे कोण कधी किती बोलणार ते तिथंच ठरतं, भाषणं नंतर.

मग सोलापूरच्या पाण्यावर तारांकित प्रश्न, म्हणजे आमदार मंत्र्याला सभागृहात तोंडी उत्तरासाठी विचारतो तो, लिहायला लावला. आता आपल्याकडं नळ चार-पाच दिवसाआड, पोरं पेटलीच ओ, एकानं तर सरळ लिहिलं ‘शासन झोपलंय का?’ सरांनी काट मारली. टोमणा नको, स्वतःचं मत नको, ‘हे खरे आहे काय’, ‘असल्यास, कोणती कार्यवाही केली’, ‘नसल्यास, विलंबाची कारणे काय’ असंच बसवायचं. मग स्वतःच मंत्री झाले, पहिल्याला उत्तर ‘हे खरे नाही’, पुढच्या सगळ्यांना ‘प्रश्न उद्भवत नाही’, पोरगं गप्पच! पण तारांकित असला आणि सभागृहात पुकारला गेला तर उपप्रश्न टाकून मंत्र्याला धरता येतं, अतारांकितला नुसतं लेखी उत्तर. प्रश्नोत्तराचा तास गोंधळात गेला की नुकसान कुणाचं, ते तेव्हा डोक्यात शिरलं.

महाराष्ट्र विधानसभेतल्या भाजपच्या १२ आमदारांच्या निलंबनावर तर अख्खं लेक्चर. जुलै २०२१ ला वर्षभरासाठी निलंबित केलं, जानेवारी २०२२ ला सुप्रीम कोर्टानं रद्द केलं, कारण निलंबन चालू अधिवेशनापुरतंच करता येतं. सभागृहाच्या कामकाजाची कोर्टानं चौकशी करायची नाही असं कलम २१२ असताना कोर्ट मध्ये पडलंच कसं यावर सरांनी आमचं लय डोकं खाल्लं, पण आता विसरणार नाही: कामकाजात नुसती अनियमितता असेल तर कोर्ट बघत नाही, थेट बेकायदा असेल तर बघतं.

नोट्स मात्र बेकार. विधानसभा अध्यक्षांची निवड गुप्त मतदानानं असं अजून छापलंय, तो नियम डिसेंबर २०२१ ला बदलला, जुलै २०२२ ला राहुल नार्वेकर अध्यक्ष झाले त्या वेळी आमदारांना उभं करून शिरगणती झाली, १६४ विरुद्ध १०७. सांगितलं तर ऑफिसवाल्या म्हणाल्या पुढच्या छपाईला बघू. परीक्षा काय तोपर्यंत थांबणारे का?

नोट्सचे पैसे वेगळे घेतात, ते देऊ नका, लेक्चर लिहून घ्या. आणि लवकर जावा, पंख्याखालची बाकं आधी भरतात, एप्रिल-मेमध्ये मागं बसलात तर कलम राहूद्या, स्वतःचं नाव आठवणार नाही.