ग्रॅव्हल सायकलचे डिस्क ब्रेक: केबलचे घ्यावेत की हायड्रॉलिक?

कोल्हापुरातला ग्रॅव्हल सायकलस्वार, म्हणजे कच्च्या-पक्क्या दोन्ही रस्त्यांसाठीची सायकल चालवणारा, आज ना उद्या पश्चिमेकडे वळतोच. पन्हाळा सुमारे २० किलोमीटरवर आहे, गगनबावडा ५५ च्या आसपास, आणि तिथून पुढे करूळ किंवा भुईबावडा घाट थेट कोकणात उतरतात. लांब उतार, पावसाळ्यात चाकाला चिकटणारा जांभ्याचा तांबडा चिखल आणि गळीत हंगामात उसाच्या ट्रॉल्यांबरोबर डांबरावर येणारी माती, या तिन्हींचा विचार करून ब्रेक निवडावा लागतो: लिव्हरचा जोर तारेने पोहोचवणारा केबलचा, की नळीतल्या तेलाने पोहोचवणारा हायड्रॉलिक. दोन्हींत कॅलिपर चाकावरच्या रोटर नावाच्या चकतीवर पॅड दाबतो.

सायकल आधीच घरात असेल तर निर्णय बराचसा तिच्या लिव्हरनेच घेतलेला असतो. खाली वळलेल्या ड्रॉप हँडलवर गिअर आणि ब्रेक एकाच लिव्हरमध्ये असल्यामुळे केबलवरून पूर्ण हायड्रॉलिककडे जायचे म्हणजे कॅलिपरसोबत महागडे लिव्हरही बदलावे लागतात, आणि त्या पैशांत चांगले टायर घेऊनही काही रक्कम उरते. अशा वेळी दोन्ही बाजूंचे पॅड हलवणारा केबलचा कॅलिपर, उदाहरणार्थ टीआरपी कंपनीचा स्पायर, आणि त्याला दाबाखाली न आकसणारे आऊटर (केबलभोवतीचे आवरण), ही जोडी मला अधिक शहाणपणाची वाटते. कॅलिपर रोड लिव्हरसाठीचाच (म्हणजे ड्रॉप हँडलच्या लिव्हरसाठीचा) आहे ना, हे मात्र विकत घेण्यापूर्वी पाहावे. माउंटन बाइकचा कॅलिपर जास्त केबल ओढून मागतो आणि रोड लिव्हर तेवढी ओढू शकत नाही.

नवी सायकल घेताना मात्र पारडे हायड्रॉलिककडे झुकते. करूळसारख्या घाटात बराच वेळ ब्रेक धरून ठेवावा लागतो, तेव्हा एका-दोन बोटांत मिळणारा नियंत्रित दाब आणि केबलच्या ब्रेकवर आवळून दुखणारा पंजा यांतला फरक लगेच जाणवतो. शिवाय पॅड झिजले की त्यांना ढकलणारे पिस्टन आपोआप पुढे सरकतात. पण याच सोयीत धोकाही आहे: लिव्हरचा स्पर्श फारसा बदलत नसल्यामुळे पॅड संपत आल्याचे हाताला कळत नाही. भर पावसात चिखलाच्या रस्त्यावर रेझिनचे (मऊ) पॅड एका लांब फेरीतच संपू शकतात, आणि मग त्यामागची धातूची पट्टी रोटरवर घासू लागते. केबलच्या ब्रेकमध्ये झीज लिव्हरच्या वाढत्या प्रवासातून कळते. ती भरून काढताना केबल ताणत बसण्यापेक्षा कॅलिपरवरच्या स्क्रूने पॅड आत घ्यावेत, नाहीतर कॅलिपरचा हात आधीच अर्धा ओढलेला राहतो आणि जोर कमी पडतो.

तेलाचा मुद्दा आपल्याकडे विशेष महत्त्वाचा आहे. शिमानो आणि टीआरपीचे हायड्रॉलिक ब्रेक मिनरल ऑइलवर चालतात, तर स्रॅमचे ड्रॉप हँडलसाठीचे ब्रेक डॉट या वाहनांच्या ब्रेक तेलावर. मोटारसायकलच्या सुट्या भागांच्या दुकानात सहज मिळते ते डॉट तेल, आणि एखादा मेकॅनिक सद्भावनेने तेच शिमानोत भरतो; मग आतले रबरी सील फुगून खराब होतात. डॉट तेल हवेतला ओलावा शोषते, रंगावर सांडले तर रंग उतरवते, आणि ठरावीक काळाने बदलावेच लागते. ब्लीडिंग, म्हणजे नळीतली हवा काढून तेल भरणे, स्वतः शिकण्याची तयारी नसेल किंवा ते नीट करणारा कारागीर गावात माहीत नसेल, तर मी केबलच्याच बाजूने कौल देईन.

वाटेत बिघाड झाल्यास केबल बदलता येते, मात्र रोड लिव्हरला लागणारी पेअरच्या आकाराच्या टोकाची केबल साध्या सायकल दुकानात मिळेलच असे नाही, म्हणून एक सोबत ठेवावी. हायड्रॉलिकची नळी तुटली तर रस्त्यात काहीही करता येत नाही. चाक काढून सायकल गाडीत किंवा एसटीच्या टपावर टाकताना पॅडमध्ये प्लास्टिकचा तुकडा अडकवायला विसरू नये; चुकून लिव्हर दाबला गेला तर पिस्टन बाहेर येतात आणि रोटर आत जात नाही.

रोटर पुढे १६० मिलिमीटरचा असावा. मागे हलक्या स्वाराला १४० चालतो, सामान लादणाऱ्याने तिथेही १६०च घ्यावा. चिखलासाठी सिंटर्ड (धातूच्या भुकटीचे) पॅड टिकाऊ असतात, पण आवाज करतात. काही रोटरवर फक्त रेझिन पॅड वापरण्याची सूचना कोरलेली असते, ती पाळावी.

जोडणीच्या वेळी पुढचा ब्रेक कोणत्या हाताला आहे हे आधी तपासावे. मोटारसायकलमुळे आपला उजवा हात पुढच्या ब्रेकला सरावलेला असतो, आणि बाहेरून आलेल्या काही सायकलींत तो डावीकडे असतो. केबलमध्ये ही अदलाबदल किरकोळ आहे. हायड्रॉलिकमध्ये नळ्या सोडवून पुन्हा ब्लीड करावे लागते, तेव्हा दुकानातून सायकल घेतानाच ती करून मागावी. कॅलिपरचे दोन्ही बोल्ट किंचित सैल करून, लिव्हर दाबून धरून ते आलटून-पालटून आवळले की हायड्रॉलिकचा कॅलिपर बहुधा मध्यावर येतो. उरलीसुरली घासण उजेडाकडे पांढरा कागद धरून फट पाहत काढावी. रोटरला बोट लावू नये, आणि धुलाईनंतर चेनवर तेलाचा फवारा मारणाऱ्याच्या हाती सायकल देऊ नये, कारण तेल प्यायलेले पॅड क्वचितच पूर्ववत होतात. नवे पॅड रोटरशी जुळवून घेण्यासाठी सपाट, मोकळ्या रस्त्यावर ताशी २०-२५ किलोमीटर वेग घेऊन, चाक लॉक न करता, चालण्याच्या वेगापर्यंत हळूहळू आणावे. असे सुमारे २० वेळा पुढच्या आणि तितकेच मागच्या ब्रेकला करावे, आणि ते झाल्यावरच पन्हाळ्याचा उतार धरावा.